माझ्या मापाच्या काठ्या

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मापाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, दांडीला हळूच लावलेला अंगठा, या सगळ्या युक्त्या मी कोळून प्यायलोय. दुकानदाराचा काटा केसभर झुकत असला तरी मला दारातूनच कळतं. मी गल्लीत शिरलो की दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाला न मागता चार दाणे जास्त टाकतात. त्यामुळे गोल्फच्या काठ्यांसाठी माप द्यायला मी निघालो, तेव्हा परीक्षा असलीच तर ती माप घेणाऱ्याची आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

त्यांना काठ्या म्हणत नाहीत, क्लब म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण माझे सासरे काठ्या म्हणतात, म्हणून आमच्या घरात त्या काठ्याच.

मी गोल्फ खेळतो. निदान दर रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर असतो. या खेळात हँडिकॅप नावाचा एक आकडा असतो. तुमचे किती फटके वाया जाणार हे गृहीत धरून ते तुम्हाला आधीच माफ केलेले असतात, तो हा आकडा. आकडा जितका लहान, तितका खेळाडू मोठा. माझा आकडा ऐकून एक पाहुणे एकदा म्हणाले होते, "एवढं वय वाटत नाही हो तुमचं!"

आमच्या मैदानावर दरवर्षी जोडीची स्पर्धा होते. चेंडू एकच, आणि दोघांनी तो आळीपाळीने मारायचा. म्हणजे मी चेंडू झुडपात घालायचा आणि सासऱ्यांनी तो बाहेर काढायचा. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं दरवर्षी या स्पर्धेत उतरतो आणि दरवर्षी शेवटचे येतो. मैदानाची एक जुनी पद्धत आहे, निकाल खालून वर वाचायचा. शेवटच्या जोडीचं नाव सगळ्यांत आधी. त्यामुळे चिटणीस माइकसमोर घसा खाकरायला लागले की आम्ही खुर्चीतून उठायला लागतो. नाव वाचलं जातं, टाळ्या पडतात, चिटणीस "परंपरा राखल्याबद्दल मंडळ आपलं आभारी आहे!" हा आपला ठरलेला विनोद करतात आणि आम्ही चहाच्या टेबलाकडे जातो. बाकीच्यांची नावं वाचून होईपर्यंत आमची बिस्किटं खाऊन झालेली असतात.

खरं सांगायचं तर मला त्यात कधी काही वाईट वाटलं नव्हतं. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. सासरे घरात मोजून चार शब्द बोलणारे, पण मैदानावर पाऊल टाकलं की जे सुरू होतात ते परत गाडीत बसेपर्यंत थांबत नाहीत. नोकरीतल्या गमती, सासूबाई गेल्यानंतरचं एकटेपण, हे सगळं मी चेंडू शोधताशोधता ऐकलंय. माझे चेंडू फार हरवतात, त्यामुळे आमचं बोलणंही फार झालंय. ती रविवारची सकाळ हा माझ्या आठवड्यातला सगळ्यांत सुखाचा वेळ आहे.

आणि अशा माझ्या पायाखालची जमीन एका रविवारी दुपारी जेवताना सरकली!

"यंदा जोडीला दातांच्या डॉक्टरांना विचारावं म्हणतो," सासरे म्हणाले. ताटातून मान वर केली नाही.

माझा घास तोंडातच राहिला.

"का हो बाबा?" बायकोने विचारलं.

"गुडघे गं. पुढच्या वर्षी उतरता येईल की नाही, कोण जाणे. तेव्हा म्हटलं, यंदा... जाऊ दे. चांगला खेळतो तो. काय हात फिरतो त्याचा!"

दातांचे डॉक्टर म्हणजे आमच्या मागच्या घरात राहणारे गृहस्थ. ताडमाड उंच, छाती पुढे, मान ताठ. मी त्यांच्या खांद्याला लागतो, तेही मी टाचा उचलल्या तर. त्यांनी काठी फिरवली की चेंडू आपण होऊन योग्य ठिकाणी जाऊन बसतो. माणूस वाईट असता तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो भला!

"बाबा, दोष माझ्यात नाही, काठ्यांत आहे!" मी एकदम बोलून गेलो. "माझ्या काठ्या म्हणजे आमचे जुने साहेब बदली होताना टाकून गेलेल्या. दुसऱ्याचे कपडे घालून कोणी धावू शकतं का? आता मापाच्या काठ्या करून मिळतात. मला एक संधी द्या!"

सासरे पाणी प्यायले, त्यांनी पेला खाली ठेवला. "करून घ्या. मग एका रविवारी डॉक्टरांना घेऊन तिघं मिळून खेळू. त्यानंतर ठरवू."

झालं! मी कामाला लागलो. आता कोणत्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? सरळ जाऊन माप दिलं असतं. मी काय केलं? माप द्यायच्या आधी स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, सुधारायला घेतला! माझा स्विंग तसा दाखवण्यासारखा नाही. पोट सैल, गुडघे वाकलेले, आणि फटका मारून झाल्यावर मी एक छोटीशी उडी मारतो. का मारतो, ते मलाही ठाऊक नाही. असला प्रकार एखाद्या जाणकारापुढे कसा करायचा?

दातांचे डॉक्टर रोज संध्याकाळी आपल्या अंगणात सराव करतात. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून ते अंगण दिसतं, मात्र त्यासाठी बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहावं लागतं. मी रोज उभा राहिलो. त्यांची मान कशी, कोपर कसं, कंबर कधी वळते, सगळं टिपून घेतलं आणि बैठकीच्या खोलीत छत्री घेऊन त्याची उजळणी केली. त्यात एक दिवा फुटला. सोफ्याला एक भोक पडलं, ते उशी टाकून झाकलं.

"मला एक कळत नाही," बायको म्हणाली, "माप तुमचं घ्यायचंय ना? मग हे डॉक्टरांचं सोंग कशाला?"

"अगं, फोटो काढायला जाताना आपण केस विंचरतोच ना?"

"विंचरतो. दुसऱ्याचे लावून जात नाही!"

बायकांना खेळातलं काही कळत नाही, असं त्या दिवशी मला मनापासून वाटलं होतं.

काठ्या करून देणाऱ्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. खाली हिरवा गालिचा, समोर जाळी, जाळीवर पडदा आणि जमिनीवर लाल दिवा लुकलुकणारी एक डबी. चेंडू किती वेगाने गेला, कुठे वळला, काठी कोणत्या कोनात आली, सगळं ती डबी पडद्यावर मांडते. भिंतीवर काठ्यांचे दांडे एका रांगेत, चेंडूला लागणारी त्यांची डोकी दुसऱ्या रांगेत. दुकानाचा मालक गळ्यात टेप अडकवून पुढे आला, आणि सोबत आलेल्या बायकोने त्याचं तिथेच नाव ठेवलं, काठ्यांचा शिंपी.

"या साहेब! सरळ उभे राहा. हात सैल सोडा."

मी गोदामांच्या तपासणीला घालायचे जाड तळाचे बूट घालून गेलो होतो. डॉक्टरांचा हात फिरवायचा तर डॉक्टरांच्या उंचीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं बरं! शिंप्याने मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरला आणि बुटांकडे पाहिलं.

"मैदानावर हेच बूट घालता?"

"हेच!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

"आता नेहमी मारता तसं मारा," शिंपी म्हणाला. "अगदी बिनधास्त. इथे कोणी तुम्हाला मार्क देणार नाही."

मी पोट आत घेतलं. छाती पुढे, मान ताठ, कोपर अंगाला. श्वास बंद. आणि फिरवली काठी! मंडळी, खोटं नाही सांगत, चेंडू असा सुटला की मीच दचकलो! शिंपी म्हणाला, "वा!" दुसरा मारला. "वा वा!" त्याने काठीच्या बुडाला चिकटपट्टी लावली, खाली एक फळी ठेवली, काठी फळीला नेमकी कुठे घासते ते पाहिलं, दांडे बदलले, मुठी बदलल्या. मी प्रत्येक वेळी श्वास बंद करून डॉक्टर होत होतो. माझा चेहरा जांभळा पडला होता म्हणे. शिंप्याला वाटलं, एकाग्रता!

तो आणखी एक दांडा आणायला आतल्या खोलीत गेला. मी भसकन श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं.

"आता तो येईपर्यंत एक तुमचा स्वतःचा मारा ना," बायको म्हणाली. "माझ्या समाधानासाठी."

मी मारला. आपला, घरचा, उडीसकट. चेंडू जाळीच्या चौकटीवर आपटला, तिथून छताला लागला, छतावरून माझ्या डोक्यावरून मागे आला आणि दाराजवळच्या कचऱ्याच्या टोपलीत पडला.

"अय्या! पहिल्याच फटक्यात भोकात!" बायकोने टाळी वाजवली.

शिंपी धावत आला. "कसला आवाज झाला?"

"बाहेर काहीतरी पडलं वाटतं," मी म्हणालो.

त्याने पडद्याकडे पाहिलं आणि डोळे चोळले. "हे काय? चेंडू मागे गेला? असं कसं होईल? एवढं नवं मशीन आणि बिघडलं!" त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, माफ करा हं. हा एक आकडा पुसून टाकतो. असला फटका माणसाच्या हातून होऊच शकत नाही."

बायकोने तोंड उघडलं. मी तिच्याकडे एक कटाक्ष टाकला. तिने तोंड मिटलं, पण ओठ दाबून ती जी हसत होती ते मला घरी पोहोचेपर्यंत दिसत होतं. लोकांच्या काट्यांना शिक्के ठोकणारा मी, माझ्या डोळ्यांदेखत त्या दिवसातलं एकुलतं एक खरं माप पुसलं गेलं आणि मी वर "असू द्या, असू द्या, यंत्र आहे, चालायचंच!" म्हणालो.

"तुमचा हात फार शिस्तीचा आहे," शिंपी म्हणाला. "दांडा लांब देतो, चांगला कडक देतो. डोकं जरा उभं ठेवू. हँडिकॅप किती म्हणालात?"

मी निम्मा सांगितला.

"या काठ्या हातात आल्या की आणखी खाली येईल बघा!"

मी तरंगतच घरी आलो. काठ्या तयार होऊन आल्या, त्या दिवशी तर मी त्या दिवाणखान्यात ओळीने उभ्या करून समोर बसून चहा प्यायलो. काय लखलखत होत्या! बूट घालून, श्वास कोंडून, एकेक हातात धरून पाहिली. अगदी मापाच्या होत्या.

ठरलेला रविवार उजाडला. मैदानावर पातळ तळाचेच बूट चालतात, गवत खराब होतं म्हणून. हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पण ज्या क्षणी मी ते पातळ बूट घातले आणि नवी काठी जमिनीला टेकवली, त्या क्षणी तिची मूठ माझ्या पोटात रुतली. मला जरा धाकधूक वाटली. तरी म्हटलं, नवीन आहे, रुळेल.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर हात हलवत आले, रिकामे!

"गाडी दुरुस्तीला टाकली आणि काठ्या डिकीतच राहिल्या हो!" ते म्हणाले. "मी नुसता सोबत चालतो."

"छे छे!" सासरे म्हणाले. "आज कुठे स्पर्धा आहे? जावईबापूंच्या नव्या काठ्या आहेत की. दोघं मिळून वापरा."

डॉक्टरांनी संकोचाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अहो, आपल्याच समजा!"

मंडळी, जिभेला हाड नसतं ते असं.

पहिला फटका माझा. मी पोट आत घेतलं, छाती पुढे काढली. पण शिंप्याच्या दुकानात सासरे नव्हते. इथे ते माझ्या मागे उभे होते आणि त्यांच्या शेजारी, ज्यांची नक्कल करायची, ते स्वतः उभे होते. काठी मागे गेली तेव्हा मी डॉक्टर होतो, खाली आली तेव्हा मीच झालो. ती लांबलचक काठी चेंडूच्या हातभर मागे जमिनीत घुसली. मातीचं एक मोठं ढेकूळ उडालं आणि मैदानाच्या मध्यावर सुरेख जाऊन पडलं. चेंडू होता तिथेच होता.

"चेंडूपेक्षा माती बरी गेली," सासरे म्हणाले.

मग डॉक्टरांनी तीच काठी घेतली. सपकन आवाज झाला आणि चेंडू उंच, सरळ, दिसेनासा झाला! डॉक्टर स्वतःच थक्क होऊन काठीकडे पाहत राहिले.

"अहो, ही काठी आहे की काय आहे! जशी काही माझ्यासाठीच केलीय!"

मी खोकलो.

पुढे तेच. माझा चेंडू डावीकडच्या झाडीत, डॉक्टरांचा भोकावरच्या झेंड्याजवळ. मी पाण्यात, डॉक्टर झेंड्याजवळ. प्रत्येक वेळी मी काठी बदलून पाहायचो आणि प्रत्येक वेळी डॉक्टर माझ्याच हातातली काठी घेऊन चमत्कार करायचे. "आयुष्यात असा खेळलो नाही!" ते दर फटक्याला म्हणायचे आणि आनंदाने माझी पाठ थोपटायचे. दोष काठ्यांत आहे, हा माझा एकच बचाव होता. तो डॉक्टर माझ्याच काठ्यांनी, न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर, एकेक फटक्याने मोडून काढत होते.

अखेर सासरे शांतपणे म्हणाले, "काठ्यांत तर काही दोष दिसत नाही."

संपलं! पुढच्या रविवारपासून हे दोघं पुढे चालतील आणि मी घरी सोफ्याचं भोक शिवत बसेन, असं चित्र डोळ्यांसमोर आलं.

पुढचा माझा चेंडू कुंपणाच्या मेंदीत जाऊन अडकला. तिथे उभं राहायलाही धड जागा नव्हती. नवी काठी मागे नेली की फांद्यांत अडकायची. सासरे लंगडत आले आणि त्यांनी स्वतःची जुनी, घासून गुळगुळीत झालेली आखूड काठी माझ्यापुढे धरली.

"ही घ्या. काढा कसाबसा."

मी घेतली. आता कोणाला काय दाखवायचं होतं? पोट सुटलं तर सुटू दे! गुडघे वाकवले, श्वास सोडला आणि मारला. उडीही मारली, चांगली फांद्या मोडून मारली! चेंडू मेंदीतून निघाला, कुंपणाला घासून वळला, उतारावरून घरंगळत गेला आणि झेंड्यापासून दोन पावलांवर थांबला.

आणि मग सासरे हसायला लागले. "उडी! आज सकाळपासून मी म्हणतोय, काहीतरी चुकतंय, काहीतरी कमी आहे! अहो, उडी कुठे गेली होती तुमची?"

डॉक्टर मात्र माझी नवी काठी आपल्या पायाशी धरून तिच्याकडे बघत होते. "गंमत आहे. हिची लांबी, हिचा कडकपणा, सगळं अगदी माझ्या काठ्यांसारखं आहे. बरं, आपली उंची तर..." त्यांनी माझ्या डोक्याकडे, म्हणजे बरंच खाली, पाहिलं. "आणि एक विचारायचं राहूनच जातं. तुमचा एखादा दात दुखतोय का? रोज संध्याकाळी तुम्ही त्या छोट्या खिडकीतून माझ्याकडे अगदी केविलवाणे होऊन बघत असता. मी म्हटलं, बोलायला घाबरत असाल."

सासऱ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

मी सगळं सांगून टाकलं. बादली, छत्री, दिवा, गोदामाचे बूट, कोंडलेला श्वास, टोपलीत गेलेला चेंडू आणि पुसलेला आकडा. सासरे आधी कमरेवर हात ठेवून ऐकत होते, मग झाडाला धरून, आणि टोपलीपर्यंत आलो तेव्हा ते हसत हसत खाली गवतावरच बसले. मग त्यांना उठता येईना!

"अरे वेड्या!" ते डोळे पुसत म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरे म्हटलं होतं. "अरे, एवढं कशासाठी केलंस?"

"तुम्हाला माझी लाज वाटते म्हणून," मी म्हणालो. "आणि मला रविवार सोडायचा नव्हता म्हणून."

सासऱ्यांचं हसू थांबलं. "लाज? दर रविवारी फटका मारताना तुझा चेहरा बघतो मी. दाढ काढायला बसल्यासारखा असतो. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून येतोस बिचारा. म्हटलं, यंदा सोडवावं तुला." मग म्हणाले, "शेवटचे यायचाही कंटाळा आलाय, ते वेगळं."

आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना उभं केलं. डॉक्टर अजून माझ्या काठ्या कुरवाळत होते. त्या त्यांनी त्याच दिवशी घरी नेल्या, आणि त्या बदल्यात माझ्या दातांची आयुष्यभराची जबाबदारी घेतली. दात माझे उत्तम आहेत, पण एखादा दुखायला लागला तर आता मला मुळीच भीती नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत शिंप्याकडे गेलो. या वेळी सासरेही आले. खोलीत पाऊल टाकलं तर ती लुकलुकणारी डबी जागेवर होती, पण शिंपी वैतागलेला.

"साहेब, त्या दिवसापासून नुसता मनस्ताप! मशीन दुरुस्तीला पाठवलं. ते म्हणाले, काही झालेलं नाही. परत पाठवलं. तरी म्हणाले, ठणठणीत आहे. पण मग चेंडू मागे गेल्याचं दाखवलं कसं? रात्री झोप लागत नाही मला!"

मी पातळ बूट घातले. पोट सोडलं. गुडघे वाकवले.

"नेहमी मारता तसं..." शिंप्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नेहमी मारतो तसा मारला. उडीसकट. चेंडू चौकटीवर, चौकटीवरून छतावर आणि छतावरून मागे. टोपलीत नाही गेला. शिंप्याच्या पायाशी गेला.

शिंप्याने पडद्याकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "हेच ते! अगदी हेच! म्हणजे मशीन चांगलं आहे!" त्याने मला मिठीच मारली. "साहेब, असं आधी सांगायचं नाही का? अहो, या असल्या हातासाठीच तर काठ्या जुळवायच्या असतात! चांगल्या हाताला काय, छत्रीसुद्धा चालते!"

"छत्रीचं नाव काढू नका," बायको म्हणाली.

त्याने दांडा आखूड केला, मऊ घेतला, डोकं आडवं वळवलं. शेवटचा चेंडू सरळ जाळीत गेला. मी पाहिलं, सासऱ्यांनी पाहिलं, आणि मशीननेही पाहिलं. कोणी काही पुसलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी झुडपात गेलो नाही, असं म्हणणार नाही. गेलो. पण कमी वेळा गेलो, आणि ज्या झुडपांत गेलो ती गुडघ्यांना सोयीची होती. उडी प्रत्येक फटक्याला मारली. सासरे दर फटक्याला हसले, आणि एकदा तर मला बघून त्यांनीही एक मारून पाहिली. ती मात्र परत मारू नका, असं मी त्यांना बजावलं.

संध्याकाळी सगळे खुर्च्यांवर बसले. चिटणीस माइकसमोर आले. त्यांनी घसा खाकरला, तसा मी सासऱ्यांचा दंड धरला आणि आम्ही सवयीप्रमाणे उठायला लागलो. उभेही राहिलो. डॉक्टर लांबून हातवारे करून काहीतरी सांगत होते, पण ते काही कळेना.

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आमच्याकडे पाहिलं. परत घसा खाकरला.

"शेवटचा क्रमांक," ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "मी आणि माझे मेहुणे."

सगळं मैदान हसायला लागलं! परंपरेबद्दल आभार मानायला माइकवर कोणी उरलंच नव्हतं. आम्ही दोघं गर्दीत मध्येच उभे, काय करावं ते समजेना. सासऱ्यांनी माझा हात घट्ट दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही होतं. मग आम्ही अगदी ऐटीत, सावकाश, जिंकणारे बसतात तसे खाली बसलो.

नीट बसलोही नव्हतो, तेवढ्यात चिटणिसांनी पुढचं नाव वाचलं. आमचंच होतं.

मी धडपडत उठायला लागलो, तर सासऱ्यांनी मला बाहीला धरून खाली ओढलं.

"अरे, घाई काय करतोस? चहाला आज आपल्या आधी एक जोडी आहे!"